विद्युत् अभियांत्रिकीचे शिक्षण व आपली मुले

(संघाच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गुणगौरव समारंभाच्या प्रसंगी केलेले भाषण)



संघाच्या चिटणीसांनी आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा फारसा विचार करावा लागला नाही. आम्ही स्वतः मॅट्रिकपलीकडे महाविद्यालयाची पायरी चढलो नाही. प्राथमिक शाळेतील मुलांना पाढे आणि व्याकरण शिकविण्यात आमचे आयुष्य गेले. परंतु जी मुले आमच्या हाताखालून गेली त्यांतील कित्येक पुढे अभियंते झाली, कित्येक कारागीर झाली, आणि ती अजूनही घरी येतात, आपल्या कामाविषयी सांगतात. त्यांचे ऐकून, त्यांना खोदून खोदून विचारून आणि मिळेल ते वाचून जे आमच्या पदरी पडले तेच आज आपणांपुढे ठेवणार आहोत.

निमित्त असे की, यंदा निकाल लागल्यापासून आमच्याकडे जे पालक आले त्यांचा प्रश्न बहुधा एकच होता. "गुरुजी, मुलाला काँप्युटरला जागा मिळत नाही, इलेक्ट्रिकल मिळते आहे. ती घ्यावी, की वाडीचा एखादा तुकडा विकून देणगीवर काँप्युटरच मिळवावे?" या प्रश्नामागे एक समजूत दडलेली आहे. ती अशी की, इलेक्ट्रिकल म्हणजे वायरमनचे शिक्षण. खांबावर चढणे, फ्यूज बसविणे, पावसापाण्यात धावपळ करणे. त्यासाठी चार वर्षे कशाला घालवायची? एका बाजूस ही समजूत आणि दुसऱ्या बाजूस वाडवडिलांनी राखलेली जमीन, असा हा सौदा आहे. तो चुकू नये म्हणून हा विषय विस्ताराने बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम आपल्या भूमीकडे पाहू. वसईची वाडी पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर जगली. बावखलांत पाणी साठवावे, विहिरीवर राहाट चालवावा, पाटाने ते केळीला, पानवेलीला, भाजीला पोहोचवावे, हा आपला व्यवसाय. ज्या दिवशी राहाटाच्या जागी विजेचा पंप बसला त्या दिवशी बैलाचे श्रम वाचले, आणि माणसाच्या दिवसातले काही तास मोकळे झाले. त्या मोकळ्या तासांतच आपली मुले शाळेत गेली, हे विसरून चालणार नाही.

दुसरी गोष्ट आगगाडीची. हिंदुस्थानातील पहिली विजेची आगगाडी मुंबईस बोरीबंदर ते कुर्ला या मार्गावर ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली. आपल्या बाजूस कुलाबा ते बोरिवली हा मार्ग १९२८ साली विजेवर आला, आणि १९३६ साली वीज विरारपर्यंत पोहोचली. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने भाजीच्या, फुलांच्या, पानांच्या टोपल्या घेऊन याच गाड्यांनी मुंबईचे बाजार गाठले, आणि त्यानंतरच्या पिढीने याच गाड्यांनी मुंबईच्या कचेऱ्या व गिरण्या गाठल्या. चर्चगेटपासून विरार साठ किलोमीटर आहे. ही साठ किलोमीटरची तार नसती तर आज आपल्यातील निम्मी कुटुंबे काय करीत असती, याची कल्पना ज्याची त्याने करावी.

ही वीज येते कोठून? सह्याद्रीच्या माथ्यावर लोणावळ्याच्या परिसरात पावसाचे पाणी अडवून ते घाटाखाली सोडावयाचे आणि त्यावर जनित्रे फिरवावयाची, ही योजना टाटांनी सिद्धीस नेली. खोपोलीचे केंद्र १९१५ साली सुरू झाले, त्यामागून भिवपुरी व भिरा ही केंद्रे उभी राहिली. मुंबईच्या गिरण्या त्या पाण्याच्या विजेवर चालल्या. पुढे कोयनेचा प्रकल्प झाला. त्याच्या सर्व टप्प्यांची मिळून क्षमता आज १९६० मेगावॅट आहे. आणि आपल्याच जिल्ह्यात, तारापूरला, देशातील पहिले अणुविद्युत् केंद्र १९६९ साली वीज देऊ लागले. तेथे पुढे २००५ व २००६ या वर्षी प्रत्येकी ५४० मेगावॅटचे आणखी दोन संच जोडले गेले. डहाणूस पाचशे मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. एकंदरीत, पालघर जिल्हा हा विजेचा नुसता ग्राहक नाही, तो विजेचा उत्पादकही आहे. अशा जिल्ह्यातील मुलांनी विद्युत् शाखेस हलके मानावे, हे आश्चर्य नव्हे काय?

आता ही विद्या म्हणजे नेमके काय, ते आमच्या मगदुराप्रमाणे सांगतो. वीज निर्माण करणे, ती दूर नेणे, घरोघर वाटणे, आणि तिच्याकडून हवे तितके व हवे तेव्हा काम करून घेणे, ही तिची चार अंगे. यांतील प्रत्येक अंगात गणित आहे.

एक उदाहरण देतो. तारेतून वीज नेताना तार तापते, आणि तापण्यात वीज वाया जाते. हा नाश प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. प्रवाह दुप्पट झाला तर नाश चौपट. प्रवाह निम्मा झाला तर नाश चतुर्थांश. तेवढीच शक्ती कमी प्रवाहाने न्यावयाची असेल तर दाब वाढविला पाहिजे. म्हणून केंद्रातून निघालेली वीज रोहित्राने, म्हणजे ट्रान्सफॉर्मरने, चार लाख व्होल्टपर्यंत चढवितात, शेकडो किलोमीटर नेतात, मग पायरीपायरीने उतरवीत आपल्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या डीपीपर्यंत आणतात, आणि तेथून घरात ती २३० व्होल्टने येते. वर्ग-घन आम्ही ज्या मुलांना फळ्यावर शिकविले त्यांतील एकाने आम्हांस हे समजावून दिले, तेव्हा आम्हांस मनापासून धन्यता वाटली.

हाच नियम आपण रोज ज्या लोकलने जातो तिच्या डोक्यावरही आहे. मुंबईच्या लोकलची तार पूर्वी पंधराशे व्होल्टच्या एकदिश विजेची होती. गाड्या वाढल्या, डबे वाढले, प्रवासी वाढले, तसा त्या तारेतील प्रवाह फार होऊ लागला. तेव्हा ती पंचवीस हजार व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेवर आणावयाचे ठरले. दाब सुमारे सोळापट वाढला म्हणजे तेवढ्याच शक्तीला प्रवाह सोळाव्या हिश्शाच्या आसपास पुरतो, आणि वीज पुरविणारी उपकेंद्रेही थोडकी लागतात. पश्चिम रेल्वेवर हे काम २०१२ साली पूर्ण झाले. रोज लाखो माणसे जात-येत असताना, दोन्ही दाबांवर चालू शकतील अशा गाड्या आणून, टप्प्याटप्प्याने हा बदल केला गेला. प्रवाशांपैकी किती जणांना त्याचा पत्ता लागला? विद्युत् अभियंत्याचे काम उत्तम झाले म्हणजे ते कोणाच्या लक्षातच येत नाही. लक्षात येते ते बिघडल्यावर. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई व आसपासचा वीजपुरवठा खंडित झाला, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि सारे महानगर खोळंबले. तेव्हा सर्वांना या विद्येची आठवण झाली.

तर वायरमन आणि विद्युत् अभियंता यांत भेद आहे, परंतु तो उच्चनीचतेचा नव्हे. एकाची विद्या हातात अधिक, दुसऱ्याची कागदावर अधिक. एकावाचून दुसऱ्याचे चालत नाही. या विद्येकडे जाण्याच्या वाटा तीन आहेत, आणि तिन्ही सन्मानाच्या आहेत.

पहिली वाट औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची, म्हणजे आयटीआयची. दहावीनंतर वीजतंत्री किंवा तारतंत्री हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात वा रेल्वेत उमेदवारी करता येते, विद्यावेतनही मिळते. ज्या घरात मिळवत्या माणसाची तातडीने गरज आहे तेथे ही वाट सर्वांत शहाणपणाची.

दुसरी वाट पदविकेची, म्हणजे डिप्लोमाची. दहावीनंतर तीन वर्षे. वसईत भाऊसाहेब वर्तक पॉलिटेक्निक आहे. मुंबई व ठाणे येथे शासकीय तंत्रनिकेतने आहेत. कोणत्या संस्थेत विद्युत् शाखा आहे ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावे. या वाटेचा मोठा गुण असा की, पदविका झाल्यावर नोकरीही करता येते आणि गुण चांगले असतील तर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशही मिळतो.

तिसरी वाट बारावी विज्ञान शाखेनंतर चार वर्षांच्या पदवीची. महाराष्ट्रातील महाविद्यालयांसाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, द्यावी लागते. पवईच्या आयआयटीसारख्या संस्थांसाठी जेईई ही अधिक कठीण परीक्षा आहे. मुंबईत माटुंग्याचे व्हीजेटीआय हे १८८७ साली स्थापन झालेले जुने विद्यालय. पूर्वीचे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १९९७ पासून वीरमाता जिजाबाई या नावाने ओळखले जाते. अंधेरीस सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय तर १८५४ सालचे, आणि आता ते तंत्रशास्त्र विद्यापीठ झाले आहे. या तिन्ही ठिकाणी विद्युत् शाखा आहे. आपल्या जवळ वसईस विद्यावर्धिनीचे, विरारजवळ शिरगावला विवाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. कोठे कोणती शाखा आहे आणि जागा किती, हे दरवर्षी सीईटी कक्षाच्या अधिकृत माहितीवरून पाहावे. शाखा व जागा बदलत असतात. शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये.

चार वर्षांत शिकवितात काय? पहिल्या वर्षी गणित, पदार्थविज्ञान, रसायन, आरेखन, यंत्रशास्त्राची व विजेची मूलतत्त्वे. दुसऱ्या वर्षी विद्युत् मंडले, मापन, रोहित्रे व मोटरी. तिसऱ्या वर्षी वीजप्रणाली, नियंत्रणशास्त्र, आणि विजेला अर्धवाहकांच्या साहाय्याने हवे तसे वळविणारी पॉवर इलेक्ट्रॉनिक्स ही विद्या. चौथ्या वर्षी संरक्षण-यंत्रणा, वैकल्पिक विषय व प्रकल्प. मुंबई विद्यापीठातील मुले ज्याला 'के.टी.' म्हणतात, म्हणजे विषय राहणे, ती या शाखेत बहुधा गणितात लागते. उणे एकाच्या वर्गमुळास शाळेत आपण काल्पनिक म्हणून सोडून देतो. येथे प्रत्यावर्ती विजेचा सारा हिशेब त्याच्यावाचून होत नाही. म्हणून पालकांनी मुलाचे एकूण टक्के पाहण्यापूर्वी त्याचे गणिताचे व पदार्थविज्ञानाचे गुण पाहावेत, आणि त्याहूनही पुढे जाऊन त्या विषयांत त्याचे मन रमते की नाही ते पाहावे. ज्यास त्रिकोणमिती पाहून झोप येते त्यास या शाखेत ढकलणे हा अन्याय होय. आणि ज्यास ती आवडते त्यास केवळ शेजारचा मुलगा काँप्युटरला गेला म्हणून येथून ओढून काढणे हाही अन्यायच होय.

आता पैशाचा प्रश्न. देणगी घेऊन जागा देणे हा महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. खाजगी महाविद्यालयांचे शुल्क किती असावे हे ठरविण्यास शासनाचे शुल्क नियामक प्राधिकरण आहे. ठरलेल्या शुल्कापेक्षा जो कोणी पावतीवाचून रक्कम मागतो तो आपणांस फसवितो आहे, हे ध्यानी ठेवावे. शासनाच्या शिष्यवृत्ती व शुल्क-प्रतिपूर्तीच्या योजना आहेत. विशेषतः जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे, कौटुंबिक वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना, शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला व इतर कागद वेळेत हाती असावे लागतात. तलाठ्याकडे व तहसील कचेरीत जून महिन्यात गर्दी होते. शहाण्याने ते काम मार्चमध्येच उरकावे.

मुलींचा उल्लेख आला म्हणून सांगतो. "खांबाचे आणि तारेचे काम मुलीचे नव्हे," असे आमच्या एका परिचित गृहस्थांनी आम्हांस निक्षून सांगितले होते. त्यांस आम्ही अय्यलसोमयाजुल ललिता यांची हकीकत सांगितली. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य, कडेवर चार महिन्यांची मुलगी. अशा स्थितीत ही बाई मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत् शाखा शिकली आणि १९४३ साली पदवीधर झाली. ती भारतातील पहिली महिला अभियंता मानली जाते. पुढे कलकत्त्याच्या एका मोठ्या कंपनीत तिने पारेषणाच्या तारमार्गांचे व उपकेंद्रांचे आराखडे केले. भाक्रा-नांगल धरणाच्या विद्युत् कामातही तिचा हात होता. त्या काळी एका विधवेस जे साधले ते आजच्या आपल्या लेकींस का साधू नये? त्या गृहस्थांची कन्या आज उपकेंद्रांतील संरक्षक रिलेंची तपासणी करते. तिच्या हाताखाली पुरुष कर्मचारी आहेत, आणि वडील ते चारचौघांत अभिमानाने सांगतात.

शिक्षणानंतर पुढे काय, हा खरा प्रश्न. सरकारी बाजूस राज्य वीज मंडळाच्या २००५ साली झालेल्या विभाजनानंतरच्या तीन कंपन्या आहेत: महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण. वसईच्या खाडीपलीकडे भाईंदरपर्यंत मुंबई उपनगरांस बव्हंशी खाजगी कंपनी वीज देते. खाडीच्या अलीकडे आपला सारा कारभार महावितरणचा. केंद्र सरकारच्या बाजूस एनटीपीसी, पॉवरग्रिड, अणुवीज महामंडळ अशा संस्था आहेत. त्यांतील पुष्कळ जागा गेट या परीक्षेच्या गुणांवर भरल्या जातात. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रशिक्षणशाळा विद्युत् शाखेच्या पदवीधरांस घेते. संघ लोकसेवा आयोगाच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेतील चार शाखांपैकी विद्युत् ही एक आहे. रेल्वे भरती मंडळे पदविकाधारकांस कनिष्ठ अभियंत्याच्या जागा देतात. आपल्या विरारच्या कारशेडमध्ये लोकलचे रेक रोज तपासले जातात ते अशाच माणसांच्या देखरेखीखाली.

खाजगी बाजूस पाहाल तर वालीव, गोखिवरे, सातिवली येथील गाळे आणि बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आपल्या दारातच आहे. प्रत्येक कारखान्यात मोटरी आहेत, पॅनेल आहेत, आणि ते बंद पडले की तासातासाला नुकसान होते. म्हणून देखभालीचा चांगला अभियंता मालक सहसा सोडीत नाही. नालासोपारा-विरारकडे ज्या बहुमजली इमारती उठल्या त्यांस उद्वाहने, पंप, जनित्रे, वायरिंग सारे लागते. शासनाचा परवाना काढून स्वतःचा ठेकेदारीचा धंदा करणारी आपली मुले आहेत, आणि ती दुसऱ्या चार घरांस पोसतात. घराच्या छपरावर सौरपट्ट्या बसविण्यास केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ पासून 'सूर्यघर' योजनेखाली अनुदान देण्यास आरंभ केला. तीन किलोवॅटच्या संचास ते ७८ हजार रुपये आहे. विजेवर चालणाऱ्या गाड्या रस्त्यावर आल्या आहेत. मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेची विरार व बोईसर ही स्थानके आपल्याच जिल्ह्यात आहेत. वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. त्या बंदराविषयी आपल्या किनाऱ्यावरील मच्छीमार बांधवांची जी चिंता व जो विरोध आहे तो आम्ही जाणतो, आणि त्याचा विचार होणे न्यायाचे आहे. परंतु असली कामे उभी राहतील तेव्हा तेथील अभियंत्यांच्या खुर्च्यांवर बाहेरची माणसे बसावीत आणि आपल्या मुलांनी केवळ पहारा करावा, असे होऊ नये.

आणि ज्यांस काँप्युटरचीच हौस आहे त्यांसही हे सांगतो की, विद्युत् शाखेत आज्ञावली लिहिणे शिकवितात, आणि या शाखेची कितीतरी मुले पुढे सॉफ्टवेअरमध्ये जातात. ही दारे कोणी लावून घेतलेली नाहीत.

तथापि केवळ गोड बोलून उपयोगाचे नाही. आरंभी पगार बेताचा असतो. नोकरीसाठी चंद्रपूर, कोराडी, परळीकडे जावे लागते. पावसाळ्यात मध्यरात्री बोलावणे येते. पदवी हाती आली म्हणजे विद्या आली असेही नाही. उमेदवारीत ज्याने हात काळे केले नाहीत तो पहिल्याच मुलाखतीत उघडा पडतो. हे सारे मुलास आधी सांगावे, आणि मग त्यास निवड करू द्यावी.

आमचा एक विद्यार्थी. वडील दुसऱ्याच्या वाडीत राबणारे. दहावीस जेमतेम बासष्ट टक्के. त्या वर्षीच्या सत्काराच्या यादीत त्याचे नाव नव्हते, कारण यादी पंचाहत्तर टक्क्यांना संपत असे. त्याने पदविका केली, एक वर्ष उपकेंद्रात उमेदवारी केली, मग थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश घेऊन पदवी मिळविली. पहाटेच्या लोकलने जाणे आणि रात्रीच्या लोकलने येणे असे त्याने तीन वर्षे केले. गाडीत उभ्याने वही उघडणे शक्य नसे म्हणून तो सूत्रे पाठ म्हणत असे. आज तो पारेषणाच्या कामात उपअभियंता आहे. त्यानेच आम्हांस तारेच्या तापण्याचा वर्ग समजावून दिला.

दुसरा एक विद्यार्थी. त्याच्याविषयी बोलणे आम्हांस जड जाते. हुशार हाताचा मुलगा. पुस्तक नको, पण रेडिओ, पंखा, पंप काहीही खोला, तो जोडणार. कोणत्याही संस्थेत न जाता, पाहून पाहून तो वाड्यांतील पंप दुरुस्त करू लागला. एका पावसाळ्यात ओल्या विहिरीच्या कठड्याशी, अर्थिंग नसलेल्या पंपास हात लावून तो गेला. वय तेवीस. गळती होणारा प्रवाह तीस मिलीअँपिअरवर पोहोचताच वीज तोडणारे एक लहानसे उपकरण बाजारात मिळते. ते तेथे असते, किंवा दोन वर्षे वीजतंत्रीचा अभ्यासक्रम करून "आधी मुख्य स्विच बंद, मग तपासणी, मग हात" ही शिस्त त्याच्या अंगी मुरली असती, तर तो आज या सभेत बसलेला असता. विद्येवाचून विजेशी सलगी करणे म्हणजे काय, हे त्याच्या आईस विचारावे. म्हणून आम्ही म्हणतो की हे शिक्षण केवळ पगारासाठी नव्हे. प्रत्येकाने आज घरी जाऊन आपल्या पंपाचे अर्थिंग तपासून घ्यावे, आणि ते जाणकाराकडून, परवानाधारकाकडून घ्यावे. आमच्या या भाषणातून दुसरे काही पदरात पडले नाही तरी चालेल, एवढे पडो.

आता संघापुढे आमच्या चार विनंत्या आहेत. पहिली, गुणगौरवाच्या यादीत आयटीआय व पदविका उत्तीर्ण होणाऱ्यांची नावे पदवीधरांच्या बरोबरीने, त्याच व्यासपीठावर यावीत. दुसरी, दरवर्षी दहावी-बारावीच्या परीक्षा संपताच एक रविवार मार्गदर्शनास द्यावा, आणि त्या दिवशी आपल्या ज्ञातीतील अभियंते, पर्यवेक्षक, वीजतंत्री, ठेकेदार यांनी पालकांच्या शंकांना उत्तरे द्यावीत. अर्ज, दाखले, मुदती यांचे कागद तेथेच वाटावेत. तिसरी, शिक्षणनिधीतून जी मदत होते ती दान म्हणून न देता बिनव्याजी उसनवारी म्हणून द्यावी. घेणाऱ्याने नोकरी लागल्यावर ती हप्त्याने परत करावी, म्हणजे एकाच रुपयाने पाच मुले शिकतील आणि घेणाऱ्याची मानही ताठ राहील. चौथी, जो पालक जमीन विकून प्रवेश घेण्याच्या विचारात असेल त्याने विकण्यापूर्वी एकदा तरी संघाच्या शिक्षण-समितीशी बोलावे. सल्ला मानणे न मानणे त्याच्या हाती आहे.

वाडी एकदा गेली की पुन्हा येत नाही, याचा अनुभव वसईकरांना नव्याने सांगावयास नको. आपल्या पूर्वजांनी पाण्याचा थेंब न् थेंब पाटाने वळवून या रेतीतून सोने काढले. त्यांस पाणी कसे वळवावे ते कळत होते, म्हणून ते जगले. वीज ही आजच्या काळाची पाटाची वाट आहे. ती कशी वळवावी हे आपल्या मुलांस कळो, आणि ते शिकताना त्यांच्या पायाखालची जमीन शाबूत राहो.

ज्यांचा आज गौरव झाला त्यांचे आम्ही अभिनंदन करतो. ज्यांचे नाव आज यादीत आले नाही त्यांनी खिन्न होऊ नये. यादी दरवर्षी नवी होते.